वस्तीची शाळा आणि पालकांतील दुफळी

(नागपूर येथील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



इंदोरा, बेझनबाग, नई बस्ती, लष्करीबाग या उत्तर नागपुरातील वस्त्यांतून ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना मी आज कोणत्या वादाविषयी बोलणार आहे हे निराळे सांगावयास नको. वस्तीत महानगरपालिकेची मराठी प्राथमिक शाळा असते. त्या शाळेत आपली मुले ठेवावीत की काढावीत, हा तो वाद होय. एक पक्ष म्हणतो की, या शाळेत शिकवणे म्हणून काही उरलेलेच नाही. तेव्हा पोटाला चिमटा घेऊन का होईना, पण मुलांना कॉन्व्हेंटात घातले पाहिजे. (आपल्या नागपुरात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही लहानशा शाळेला, तिचा मिशनऱ्यांशी काडीचाही संबंध नसला तरी, कॉन्व्हेंट म्हणण्याचा प्रघात पडला आहे.) दुसरा पक्ष म्हणतो की, याच शाळेतून आपले वडील आणि आजे शिकून बाहेर पडले; तिच्याकडे पाठ फिरविणे हा कृतघ्नपणा आहे. तिसराही एक पक्ष आहे, पण तो बोलत नाही. ज्यांच्यापाशी फीला पैसे नाहीत, ज्यांना निवड करण्याचा प्रसंगच येत नाही, अशांचा तो पक्ष. त्यांचे मत कोणी विचारीत नाही.

हा वाद आता मतभेदाच्या पायरीवर राहिलेला नाही. विहारात वंदनेला शेजारी शेजारी बसणारी कुटुंबे शाळेच्या नावावरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली आपण पाहतो. ज्याने मुलगा काढून नेला त्याला 'चार पैसे आले की माणूस वस्तीला विसरतो' असे ऐकविण्यात येते, आणि ज्याने ठेवला त्याला 'स्वतःच्या लेकराचे नुकसान करतो' असे म्हटले जाते. आपणांपैकी अनेकांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. जुनी दैवते घरातून गेली, जुने नवस गेले. परंतु मुलाला कोणत्या शाळेत घालावे हे शेजारी काय करतो ते पाहून ठरविण्याची सवय मात्र गेली नाही. म्हणून हा विषय सभेत मोकळेपणाने बोलावा असे मला वाटले.

आपल्या समाजाच्या बाबतीत शाळेचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो त्याला नाकारण्यात आला. मुंबई सरकारने त्यावर जी भूमिका घेतली तिचा मथितार्थ असा होता की, अर्जदाराची बाजू न्यायाची असली, तरी या एका मुलाला घेतल्याने बाकीचे निघून जातील आणि शाळा ओस पडेल. सबब प्रवेश देता येत नाही. म्हणजे शाळेत कोणी बसावे हे न्यायाने ठरले नाही. इतर पालक मुले काढून नेतील या भीतीने ठरले. परमपूज्य बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत असताना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज त्यांना पाणी पिता येत नसे, ही हकिकत आपल्या घरातील लहान मूलही जाणते. त्या गोणपाटामागेही पालकांचीच मर्जी होती. मास्तर तर पुष्कळदा निमित्तमात्र असत.

याच नागपुरातले उदाहरण घ्या. जाईबाई चौधरी यांचे नाव आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तरुणांना असले पाहिजे. उमरेडकडून आलेली ही बाई डोक्यावर ओझी वाहून पोट भरीत असे. एका मिशनरी भगिनीच्या साह्याने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांच्या शिकविण्याविषयी तक्रार नव्हती. पुढे त्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीच्या आहेत असे कळताच स्पृश्य पालक बिथरले, मुलांना शाळेत पाठविनासे झाले आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. काल ज्या बाई उत्तम शिकवीत होत्या त्या आज जात कळताच अयोग्य ठरल्या! पालक शाळेचा दर्जा ठरवितात तेव्हा ते नेमके कशाचा दर्जा ठरवीत असतात, हे पाहावयाचे असेल तर याहून लख्ख उदाहरण मिळणार नाही. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नई बस्तीत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. तिच्यासाठी त्यांनी घरोघर जाऊन मुली गोळा केल्या असतील, आणि 'मुलीला शिकवून काय करायचे' असे विचारणारे आपलेच लोक त्यांना दारोदार भेटले असतील, हे सांगण्यास इतिहासकार लागत नाही.

आता परिस्थिती पालटली आहे. आज आपल्या मुलाला शाळेच्या दारात अडविण्याची कायद्याने कोणाची छाती नाही. परंतु पूर्वी जे 'इतर' पालक होते ते आपली मुले घेऊन महानगरपालिकेच्या शाळांतून केव्हाच निघून गेले. राहिली ती मजुरांची, रिक्षावाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले. त्यांत आपली मुले पुष्कळ आहेत. आणि आता आपल्यापैकी ज्यांना बरे दिवस आले आहेत ते त्याच वाटेने निघाले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. वर्गात दोन इयत्ता एकत्र बसविलेल्या, एक गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेलेले, मुतारीला दार नाही, अशा शाळेत मूल घालावे असे कोणत्या बापाला वाटेल? जो म्हणतो की शाळेत काहीच बिघडलेले नाही, तो एक तर शाळेत गेलेला नाही किंवा त्याची मुले तेथे नाहीत.

तरीही मला विचारावयाचे आहे ते हे: शाळा वाईट आहे असे आपण म्हणतो ते कशावरून? आणि नवी शाळा चांगली आहे असे म्हणतो ते कशावरून?

केसपुत्त गावच्या कालामांची गोष्ट आपण विहारात ऐकली असेल. निरनिराळे आचार्य येत, आपापल्या मताची वाखाणणी करीत आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करीत. त्यामुळे कालाम गोंधळून गेले होते. तथागतांनी त्यांस सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा दिसतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. शाळेच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. शेजारणीच्या मुलीला टाय आहे, पायांत काळे बूट आहेत, ती पाहुण्यांसमोर इंग्रजी बडबडगीत म्हणते, दारात पिवळी गाडी येते, एवढ्यावरून शाळा चांगली ठरते. आणि भिंतीचा रंग उडाला आहे, दुपारी खिचडी मिळते, फी नाही, एवढ्यावरून शाळा वाईट ठरते. जे फुकट मिळते ते हलके असणारच, ही समजूत आपल्या मनात फार खोल गेली आहे. आपल्या पूर्वजांना हलके ठरविणाऱ्यांनीही माणसाकडे असेच वरवर पाहिले होते.

मग पारख कशी करावी? १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी प्राथमिक शाळेची जी कसोटी सांगितली ती आजही जुनी झालेली नाही. शाळेच्या दारातून आत गेलेले प्रत्येक मूल जेव्हा बाहेर पडेल तेव्हा ते साक्षर झालेले असावे आणि पुढे जन्मभर साक्षर राहावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू होय असे त्यांनी मांडले. आणि प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खड्ड्यात पडतात, हे त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले. आज मुले चौथीपर्यंत पोचतात. एवढी प्रगती झाली. परंतु पोचलेल्यांचे काय? २००५ पासून भारताच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची जी पाहणी होते, तिच्यात एक साधी परीक्षा असते: मुलाने दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून दाखवावा. देशभर पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना तो नीट वाचता येत नाही, असे तीत वारंवार दिसून आले आहे. पाहणी खेड्यांतली आहे म्हणून शहरातल्यांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही. शिवाय हे निदान फक्त सरकारी शाळांना लागू आहे असेही नाही. खाजगी शाळांतील मुले त्यांच्यापेक्षा काहीशी पुढे दिसतात खरी. परंतु ज्या घरातून फी भरली जाते त्या घरात शिकवणीही लावली जाते आणि आईबापही बहुधा शिकलेले असतात. त्या फरकातला शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे वेगळे काढून पाहिल्याखेरीज शाळेला प्रशस्तिपत्र देता येत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा. मुलाला त्याच्या पुस्तकातला धडा देऊ नका, कारण तो त्याला पाठ असतो. वर्तमानपत्रातली किंवा या पाक्षिकातली पाच वाक्ये वाचावयास द्या आणि काय वाचले ते त्याच्या शब्दांत सांगावयास सांगा. तिसरीच्या मुलाला हातच्याची एक वजाबाकी घाला. शंभराची नोट देऊन दुकानातून ३७ रुपयांचा जिन्नस आणला तर किती परत आणशील, हे विचारा. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही ही परीक्षा घेता येते. मूल अडखळते की धावते हे कानाला कळते, आणि हिशेब तर तिच्याइतका कोणालाच पक्का येत नाही. कॉन्व्हेंटातल्या मुलाचीही हीच परीक्षा घ्या. इंग्रजी धडा त्याने घडाघडा वाचला म्हणून हुरळून जाऊ नका, अर्थ विचारा. पुष्कळ मुले इंग्रजी अक्षरे जोडून उच्चार करतात आणि अर्थ मराठीतही सांगू शकत नाहीत. दोन्ही भाषांच्या मधोमध उभे असलेले असे मूल मी पाहिले की मला पालिकेच्या शाळेतल्या कच्च्या मुलापेक्षाही त्याची अधिक चिंता वाटते. कच्च्या मुलाचे दुखणे निदान उघडे असते.

इंग्रजीविषयी गैरसमज नको. इंग्रजी आपल्याला पाहिजेच. बाबासाहेबांच्या अनुयायांना इंग्रजीचे महत्त्व पटवावयाचे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकविण्यासारखे आहे. परंतु महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते, आणि पुष्कळ ठिकाणी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सेमी इंग्रजी पद्धतही आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. वस्तीच्या शाळेत इंग्रजीचा तास नीट होतो की नाही, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तो हक्क न बजावता शाळा सोडणे म्हणजे घर गळते म्हणून कौले न शाकारता भाड्याच्या खोलीत जाऊन राहणे होय. खुद्द नागपूर महानगरपालिकेनेही अलीकडच्या वर्षांत एका शैक्षणिक संस्थेच्या साह्याने इंग्रजी माध्यमाच्या काही शाळा काढल्या. पालकांचा रेटा असला म्हणजे पालिका हलते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता या वादातला सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याचा हिशेब दोन्ही पक्ष मांडीत नाहीत, तो सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यात शाळेला किती शिक्षक मिळावेत हे मुलांच्या संख्येवर बांधून दिले आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, ९१ ते १२० पर्यंत ४ आणि १२१ ते २०० पर्यंत ५. समजा, एखाद्या शाळेचा पट १३० आहे. तिला ५ शिक्षक, म्हणजे प्रत्येक इयत्तेला एक. वस्तीतल्या ४५ कुटुंबांनी, एकमेकांचे पाहून, आपापले मूल काढले. पट ८५ झाला. शिक्षक ३ उरले आणि इयत्ता मात्र ५ राहिल्या. एका गुरुजींसमोर दोन इयत्ता बसू लागल्या. ते पाहून आणखी ३० पालक म्हणाले, पाहा, आम्ही सांगत होतो ना, शाळा बिघडली! त्यांनीही मुले काढली. पट ५५, शिक्षक २. आता खरोखरच शाळा बिघडली. जे भाकीत होते ते भाकीत करणाऱ्यांनीच खरे करून दाखविले. याउपर पट आणखी घसरला की शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होते. १० पेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केला होता, हे आपल्या स्मरणात असेल. नागपूर शहरातही पालिकेच्या कित्येक मराठी शाळांना गेल्या काही दशकांत कुलपे लागली. शाळा एकदा बंद झाली की तिची जागा दुसऱ्या कोणत्या कामाला जाते आणि मग ती परत मिळत नाही.

हे सारे ऐकून काढून नेणारा पालक म्हणेल, 'माझ्या मुलाचे बालपण मी पट सांभाळण्यासाठी खर्च करू काय?' प्रश्न रास्त आहे. एकट्या बापाने समाजाचा भार आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवावा असे मी म्हणणार नाही. परंतु ४५ बाप एकेकटे गेले म्हणून हे घडले. तेच ४५ बाप एकत्र होऊन शाळेच्या कार्यालयात गेले असते तर काय घडले असते, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

येथे माता-भगिनींना मला एक विचारावयाचे आहे, आणि वडिलांनीही ते ऐकावे. आपल्या वस्तीत अशी घरे किती आहेत की जेथे मुलगा कॉन्व्हेंटात जातो आणि त्याच्या पाठची बहीण पालिकेच्या शाळेत जाते? मोजून पाहा, हाताची बोटे पुरणार नाहीत. त्याच घरात शाळेच्या दर्जावर वाद होत नाही. मुलासाठी जी शाळा 'बरबाद' ठरली तीच मुलीसाठी 'चालेल' ठरते. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात अस्पृश्य समाजातील स्त्रियांची मोठी परिषद भरली होती. मुलांना शिकवा, त्यांच्या मनांत महत्त्वाकांक्षा उत्पन्न करा, असे बाबासाहेबांनी तेथे स्त्रियांना कळकळीने सांगितले. त्यांच्या 'मुलांना' या शब्दात मुली नव्हत्या, असे जर कोणाला वाटत असेल तर त्याने ते निदान उघडपणे म्हणावे. फीला पैसे एकाचेच असतील तर काय करावे, याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतः द्यावे. मात्र देताना मुलगी समोर बसलेली असू द्यावी.

खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांविषयी पुष्कळांनी विचारले आहे. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमान्वये विनाअनुदानित शाळांना आरंभीच्या वर्गात एवढ्या जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मोफत द्याव्या लागतात. अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. तेव्हा हक्क कायम आहे, आणि ज्यांना सोडतीत जागा मिळेल त्यांनी ती निःसंकोच घ्यावी. ती भीक नव्हे. मात्र फी माफ झाली तरी गाडीभाडे, स्नेहसंमेलन, अमुक दिवसाचा अमुक पोशाख यांचा खर्च मागे लागतो, आणि सोडतीत जागा मिळते ती थोड्यांना. एका वस्तीचा प्रश्न सोडतीने सुटत नाही.

जो मार्ग सर्वांना खुला आहे तो कायद्याच्या २१ व्या कलमात आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत. त्यांत वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असले पाहिजे. आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे, आलेल्या अनुदानाचा खर्च पाहणे हे तिचे काम. इतकी सत्ता कागदावर आपल्या हाती असताना प्रत्यक्षात काय होते? समितीची सभा म्हणजे कोऱ्या नोंदवहीवर सही, अशी पुष्कळ ठिकाणची रीत आहे. ज्या बाईचे नाव समितीत आहे तिला ते नाव असल्याचे माहीतही नसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला अपरिचित नव्हते. बौद्ध भिक्खू संघात ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे आणि मतदानाचे नियम होते. ज्यांच्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी मतासाठी शलाका फिरविल्या जात, त्यांनी न वाचता सही करावी ही गोष्ट शोभत नाही. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत म्हणाले होते. त्यातला 'वारंवार' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण वर्षातून एकदा, प्रगतिपुस्तक घेण्यापुरते जमतो.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शाळांची तपासणी वर्षातून एकदा करून भागणार नाही, ती निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही शाळेला भेट द्यावी, असे सुचविले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना समितीने जशीच्या तशी उचलावी. मंगळवारी सकाळी साडेदहाला दोन माता शाळेत गेल्या, किती वर्गांत शिक्षक आहेत ते पाहिले, फळ्यावर काय लिहिले आहे ते वाचले, पाण्याची टाकी उघडून पाहिली आणि नोंद करून परत आल्या, एवढ्याने जे साधेल ते दहा भाषणांनी साधणार नाही.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. सिगाल या गृहस्थपुत्राला उपदेश करताना भगवंतांनी शिष्याची गुरूप्रत कर्तव्ये सांगितली, तशीच गुरूची शिष्याप्रत कर्तव्येही सांगितली; आणि शिष्याला विषय नीट समजेल अशा रीतीने तो समजावून देणे हे त्यांतले एक होय. म्हणजे 'मी शिकविले, त्याला आले नाही' हा बचाव बौद्ध परंपरेत टिकत नाही. परंतु ज्या शिक्षकाला वर्गात उभे राहू दिले जात नाही त्याला कोणता जाब विचारणार? जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना इतर कामांना जुंपू नये असे कायदा म्हणतो. तरी नोंदी आणि माहिती भरण्याच्या कामांनी त्यांचा दिवस खाल्ला जातो. यासाठी शिक्षकाविरुद्ध भांडावयाचे नसून शिक्षकासाठी भांडावयाचे आहे. एक मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. पालिकेच्या शाळेत पगार घेणारे किती गुरुजी आपली स्वतःची मुले तेथे घालतात? २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत असा निकाल दिला होता. तो कागदावरच राहिला. तो अंमलात आला असता तर मुतारीची दारे आठवड्याभरात बसली असती!

असे वाद जगात दुसरीकडेही झाले आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात टोपेका या गावी ऑलिव्हर ब्राउन नावाच्या निग्रो बापाने आपल्या लिंडा या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत घ्यावे म्हणून दावा लावला. काळ्यांच्या शाळेच्या इमारती आणि शिक्षक जवळजवळ तोडीचेच होते, असे खालच्या न्यायालयाला आढळले होते. तरी वेगळे काढणे हीच विषमता होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने दिला. पण त्याआधी १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या त्यांच्या थोर विचारवंताने आपल्या लोकांना बजावले होते की, वेगळी शाळा की एकत्र शाळा या वादात अडकू नका. मुलाला शिक्षण मिळते की नाही ते पाहा. याच ड्युबॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. दोन्ही म्हणणी आपल्याला लागू पडतात. आपल्याकडे कायद्याने नव्हे, पण फीने शाळा वेगळ्या होत आहेत, आणि त्या वेगळेपणात आपलाच समाज दोन भागांत वाटला जात आहे: फी भरणारे आणि न भरणारे.

कोसंबीच्या भिक्खूंत एकदा भांड्यात उरलेल्या पाण्यावरून तंटा झाला आणि तो इतका वाढला की भगवंत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. पुढे उपासकांनी भिक्षा देणे बंद केले तेव्हा भिक्खू भानावर आले. आपल्या तंट्यात भुकेली राहतात ती मुले. म्हणून आपल्याला भानावर येण्यास इतका उशीर लागतो.

तेव्हा आता कामाचे. ज्यांनी मुले काढली आहेत त्यांना परत आणा असा आग्रह कोणी धरू नये, आणि त्यांच्याशी अबोलाही धरू नये. त्यांच्यात शिकलेले, कचेरीत काम करणारे लोक आहेत. समितीत त्यांना जागा मिळणार नाही, पण अर्ज लिहिण्यास, हिशेब वाचण्यास त्यांनी यावे. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी येत्या पालकसभेत चार गोष्टी विचाराव्यात: पट किती, मंजूर शिक्षक किती आणि हजर किती, गेल्या वर्षीच्या अनुदानातून काय घेतले, आणि तिसरीच्या वर्गात उतारा वाचता येणारी मुले किती. उत्तरे लिहून घ्यावीत. ती समाधानकारक नसतील तर कायद्याच्या ३२ व्या कलमान्वये महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करता येते; तिचा निकाल पालिकेने संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत द्यावयाचा आहे, आणि तो न पटल्यास राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. अर्जाचा एक नमुना लिहून विहारात ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रोज सायंकाळी ७ ते ८ या वेळात दोन तरुण तेथे बसतील. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एकीवर कचेरीची पोच तारखेसह घ्यावी, आणि ती घरी न ठेवता विहाराच्या कपाटात आणून द्यावी.